पन्हळी पुठ्ठ्याचे खोके

पन्हळी पुठ्ठ्याचे खोके : सपाट कागदांच्या मध्ये पन्हळीदार कागद चिकटवून तयार केलेल्या थरांच्या पुठ्ठ्याचे वेष्टन. बाजारात याला कोरुगेटेड बॉक्स म्हणतात. कमीत कमी कागदात माल सुखरूप पोचवणे, हा या खोक्याच्या आखणीचा मुख्य हेतू. त्यासाठी कागद किती घातला याइतकेच तो कोठे आणि कोणत्या दिशेने घातला याला महत्त्व असते.

इतिहास : १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये हीली व ॲलन यांनी उंच टोप्यांच्या अस्तरासाठी पन्हळी कागदाचे पेटंट घेतले. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी बाटल्या व दिव्यांच्या काचा गुंडाळण्यासाठी तो वापरला. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग यांनी पन्हळींना सपाट कागद चिकटवला. त्यामुळे पन्हळी दाबाखाली पसरेनाशा झाल्या आणि आजच्या पुठ्ठ्याचा पाया घातला गेला.

रचना : दोन सपाट अस्तरे व मध्ये एक पन्हळी कागद असा पुठ्ठा तीन पदरी (थ्री-प्लाय), जड मालासाठी पाच व सात पदरी पुठ्ठा वापरतात. कागदाचे वजन दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये (जीएसएम) मोजतात. पन्हळ (फ्लूट) जितकी उंच, तितका मधला कागद अधिक लागतो. सी-फ्लूटची उंची सुमारे ३.६ मिमी. असून तिच्या एक मीटर पुठ्ठ्यासाठी सुमारे १.४३ मीटर कागद खर्ची पडतो. बी-फ्लूटची उंची सुमारे २.५ मिमी. असून तिला १.३२ मीटर पुरतो. १५० जीएसएमची दोन अस्तरे व मध्ये १२० जीएसएमचा कागद घेतल्यास सी-फ्लूट पुठ्ठ्याचे वजन, खळ वगळता, सुमारे ४७२ जीएसएम भरते.

आकार : नेहमीच्या खोक्यात वरच्या व खालच्या झडपा मधोमध मिळतात. चिकटपट्टी सोडून त्याला लागणारा पुठ्ठा = २ × (लांबी + रुंदी) × (उंची + रुंदी). ठरावीक घनफळासाठी हे क्षेत्रफळ लांबी, रुंदी व उंची यांचे प्रमाण २:१:२ असताना सर्वांत कमी येते. ४० × २० × ४० सेंमी. खोक्याला ७,२०० चौ. सेंमी. पुठ्ठा लागतो, तेवढ्याच घनफळाच्या घनाकृती खोक्याला सुमारे १२ टक्के अधिक. कारण रुंदी वाढली की झडपाही वाढतात. कागदाच्या रिळाची रुंदीही आधीच पाहावी लागते. उंची व रुंदीची बेरीज ६० सेंमी. असेल, तर १२५ सेंमी. रिळावर दोन खोकी शेजारी बसतात. ती ६४ सेंमी. झाली, की दुसरे बसत नाही.

ताकद : गोदामात खालच्या खोक्यावर वरच्या सगळ्या थप्पीचा भार येतो. १९६३ मध्ये अमेरिकेत मकी व सहकाऱ्यांनी मांडलेल्या सूत्राच्या सोप्या रूपानुसार खोक्याची भारक्षमता पुठ्ठ्याच्या कडेच्या दाबताकदीच्या (ईसीटी) सम प्रमाणात, तर जाडी व परिघ यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे केवळ जाडी दुप्पट केल्यास क्षमता सुमारे ४१ टक्के वाढते. कडेची ताकद दुप्पट केल्यास ती दुप्पट होते. पन्हळी उभ्या ठेवणे म्हणूनच आवश्यक असते. भाराचा मोठा वाटा कोपरे पेलतात. त्यामुळे हवेची भोके कोपऱ्यांपासून दूर पाडतात आणि खोकी कोपऱ्यावर कोपरा येईल अशी रचतात. १२०० × १००० मिमी. पॅलेटवर ६०० × ४०० मिमी. तळाची पाच खोकी जागा वाया न घालवता बसतात. खोके पॅलेटबाहेर डोकावले, तर त्याची ताकद लगेच घटते.

ओलावा : कागद हवेतील पाणी शोषतो. ९० टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेत खोक्याची ताकद कोरड्या स्थितीच्या सुमारे निम्म्यावर येऊ शकते. सतत भाराखाली राहिल्यानेही ती हळूहळू खचते. नाशिकची निर्यातीची द्राक्षे दमट शीतगृहातून आणि लांबच्या समुद्रप्रवासातून जातात. त्यांच्या खोक्याची आखणी कोरड्या प्रयोगशाळेतील आकड्यावर केली, तर ती फसते.

पुनर्वापर व चाचणी : रद्दी पुठ्ठ्यापासून पुन्हा कागद बनतो, मात्र प्रत्येक फेरीत तंतू आखूड होतात व नव्या तंतूंची भर घालावी लागते. त्यामुळे पुनर्वापराची सोय आहे म्हणून कागद सढळ वापरणे योग्य ठरत नाही. पदर कमी करण्यापूर्वी भरलेल्या खोक्याची दाब, पाडणे व हादरे यांची चाचणी घ्यावी. मुंबईत मुख्यालय असलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग (स्थापना १९६६) या क्षेत्रात चाचणी व प्रशिक्षण देते. माल खराब झाला, तर तो पिकवण्यात वा घडवण्यात गेलेले पाणी, वीज व श्रम वाया जातात आणि ते नुकसान वाचलेल्या कागदाहून बहुधा मोठे असते. म्हणून बचत प्रत्येक खोक्याच्या वजनावर न मोजता, सुखरूप पोचलेल्या प्रत्येक किलो मालामागे लागलेल्या कागदावर मोजावी.