गिरणीतील बाळंतीण आणि परतण्याची अट

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात मुंबईच्या कापड गिरण्यांत एकंदर कामकऱ्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. सूत गुंडाळणे, लडी करणे अशा खात्यांत त्यांची दाटी विशेष असे. त्यांच्यावर देखरेख करणारी नायकीणही बहुधा त्यांच्यापैकीच एखादी असे, आणि कामावर कोणाला घ्यावे व कोणाला दारातूनच परतवावे हे पुष्कळ अंशी तिच्या मर्जीवर चाले. या स्त्रिया रत्नागिरी, सातारा अशा जिल्ह्यांतून आलेल्या. दिवस भरत आले म्हणजे जिला शक्य असेल ती आगबोटीने अथवा आगगाडीने गावाची वाट धरी, जिला शक्य नसेल ती चाळीतल्या एका खोलीत बाळंत होई. तीन-चार महिन्यांनी गावाहून परत यावे तो आपल्या जागी दुसरीच बाई उभी असलेली दिसावी, हा अनुभव नित्याचा होता. “बाई कामावर परत आली नाही” असे वाक्य गिरणीच्या दप्तरात लिहिणे सोपे होते. तिला परत येऊ दिले गेले होते की नाही, हे त्या दप्तरात लिहिलेले नसे.

मुंबई सरकारने १९२१ च्या सुमारास डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांकडून या स्थितीची पाहणी करविली. कामावर जाणाऱ्या जवळजवळ सर्वच आया मुलांना अफू देऊन निजवितात, असे त्या पाहणीत आढळले. अफूची ती ‘बाळगोळी’ निर्दयपणाने दिली जात नसे. आई दिवसभर साच्यापाशी आणि मूल घरी एकटे, अशा परिस्थितीत तेवढाच उपाय तिच्या हाती होता. बाळंतपणाच्या पगाराचा प्रश्न कायदेमंडळात पुढे आला त्यामागे ही पाहणी होती, हे विसरून चालणार नाही.

वॉशिंग्टन येथे १९१९ मध्ये भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने प्रसूतीपूर्वी सहा व नंतर सहा आठवड्यांच्या विश्रांतीचा ठराव केला होता, आणि त्या काळातील पोटगी सरकारी निधीतून अथवा विम्यातून द्यावी असे त्यात म्हटले होते. त्या परिषदेस हिंदी मजुरांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी उपस्थित होते. त्यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात बिल आणले. ते पुढील वर्षी नामंजूर झाले. मग मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात आसवले यांनी १९२८ मध्ये तशाच स्वरूपाचे बिल मांडले. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी मातेच्या विश्रांतीत राष्ट्राचेच हित आहे असे प्रतिपादन केले. खर्चाचा मोठा भार वस्तुतः सरकारने उचलावयास हवा, हे त्यांना मान्य होते. परंतु स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा आहे म्हणूनच तो त्यांना ठेवतो, तेव्हा त्यानेही आपला वाटा द्यावा, हा त्यांचा युक्तिवाद होता.

बिल मंजूर होऊन १९२९ चा मुंबईचा कायदा झाला. हिंदुस्थानातील या विषयावरचा हा पहिला कायदा होय. सहा महिने काम केलेल्या बाईला प्रसूतीपूर्वी तीन व नंतर चार आठवडे, रोज आठ आणे. पुरी रक्कम फार तर साडेचोवीस रुपये! पुढे मध्यप्रांतानेही १९३० मध्ये असाच कायदा केला, त्यामुळे नागपूरच्या गिरण्यांतील स्त्रियांनाही हा लाभ पोहोचला.

येथे एक गोष्ट लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. पगार मिळावयाचा तो कशाबद्दल? कायद्याने पूर्वीच्या नोकरीचा काळ मोजला, मालकास सूचना देण्यास सांगितले, प्रसूतीचा पुरावा मागितला. पुन्हा कामावर येण्याचे वचन मात्र मागितले नाही. हा हक्क झालेल्या श्रमाच्या पोटी उत्पन्न होत होता. पुढे करावयाच्या श्रमाची ती उचल नव्हती. याचा स्पष्ट पुरावा कायद्याच्या एका करुण कलमात सापडतो. बाळंतीण त्या काळात दगावली आणि मूल जगले, तर जो कोणी त्या मुलाचा सांभाळ पत्करील त्याच्या हाती ती रक्कम द्यावी, असे त्यात सांगितले होते. जी बाई कामावर कधीच येऊ शकणार नाही, तिचीही भरपाई जर बुडत नाही, तर मुलाला पाजण्यासाठी घरी राहिलेल्या आईची का बुडावी?

मालकांनी दुसरी वाट शोधली. पैसे द्यावयाचे ते ज्याच्या गिरणीत बाई बाळंत होणार त्याच मालकाने, अशी रचना असल्यामुळे गरोदर बाईला वेळीच काढून टाकणे किंवा तरुण विवाहित बाईला कामावर घेण्याचेच टाळणे त्याला स्वस्त पडे. पुरेशा कारणावाचून प्रसूतीपूर्वी सहा महिन्यांच्या आत काढल्यास हक्क जाणार नाही, हे कलम कायद्यात होते. पण जिला मुळात कामावरच घेतली नाही, तिला त्या कलमाचा काय उपयोग? गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण पुढे उतरत गेले. त्यास नवी यंत्रे व रात्रपाळीची मनाई हीही कारणे होती, सारा दोष या कायद्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही. वॉशिंग्टनच्या ठरावातील विम्याची योजना मात्र येथे यावयास १९४८ चा राज्य विमा कायदा उजाडावा लागला. त्याने हा भार एका मालकावरून काढून सामाईक निधीवर टाकला.

सर्व देशासाठी कायदा झाला तो १९६१ मध्ये. त्यात बारा आठवड्यांची मुदत होती. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम आगाऊ आणि उरलेली प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यावी, असे त्याने ठरविले. बाळंतीण परतते की नाही हे ठरण्यापूर्वीच सर्व रक्कम तिच्या पदरात पडावी, हाच त्याचा अर्थ. हक्क गमावण्याचा एक प्रसंग त्यात सांगितला होता, तो निराळाच: रजेच्या दिवसांत दुसरीकडे काम केले, तर तेवढ्या दिवसांपुरता हक्क जाई. पात्रतेचे १६० दिवस १९८८ मध्ये ८० झाले. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी मुदत २६ आठवडे झाली. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. ८० दिवस व २६ आठवडे हे आकडे तिनेही कायम ठेवले.

आठवडे वाढले तसा जुना प्रश्न नव्या कागदावर उतरला. नेमणुकीच्या करारात काही ठिकाणी अशी ओळ आढळते की, बाळंतपणाच्या रजेनंतर अमुक महिने नोकरी न केल्यास रजेचा पगार परत करावा. मालकाने कायद्यापेक्षा काही जास्त दिले असेल, तर त्या जादा रकमेला अट घालण्यास तो मोकळा आहे. इंग्लंडातही हाच भेद पाळतात, कायद्याने ठरवून दिलेली रक्कम आईकडून परत मागत नाहीत. आपल्याकडे तर १९६१ च्या कायद्यानेच सांगून ठेवले होते की, त्याच्याशी विसंगत असलेला नोकरीचा करार त्याच्यापुढे टिकणार नाही, मग त्याखाली बाईची सही का असेना.