डॉमिनंट नाइन्थ स्वरसंघात : गिटारवरील एका आकाराचा पश्चिम भारतातील प्रवास

मुठेकाठचे वारजे हे गाव १९९७ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. शहराच्या अशा नव्या उपनगरांत तबला-पेटीच्या शिकवण्यांशेजारी आता गिटारच्या शिकवण्याही चालतात. तेथे येणारा विद्यार्थी साधे स्वरसंघात, म्हणजे कॉर्ड, आत्मसात केल्यावर केव्हातरी 'डॉमिनंट नाइन्थ'पाशी येतो. बोटांचा आकार त्याला काही दिवसांत साधतो. मात्र हा आकार कोठे व कशासाठी वाजवायचा, हे त्याला मराठीत सांगणारे साहित्य फारसे उपलब्ध नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. हे ज्ञान आपल्याकडे पोहोचले ते ग्रंथांतून नव्हे, वादकांच्या हातांतून; आणि ज्यांच्या हातांतून ते आले, त्यांची नावे दीर्घकाळ पडद्याआड राहिली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम आकार पाहू. गिटारच्या पाचव्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर मध्यमा, चौथ्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर तर्जनी आणि उरलेल्या तीन बारीक तारांवर तिसऱ्याच पडद्यावर आडवी अनामिका. सहावी तार मुकी ठेवायची. हा 'सी नाइन्थ'. त्याच्या मूळस्वराला षड्ज मानले तर खालून वर सा, ग, कोमल नी, तार रे आणि तार प असे पाच स्वर ऐकू येतात. एकाआड एक स्वर घेत गेल्यास सा, ग, प, नी यांच्यानंतरचा रे सप्तक ओलांडून नववा येतो, म्हणून नाव नाइन्थ. तोच आकार दोन पडदे पुढे सरकवला की 'डी नाइन्थ' होतो. या सोयीमुळेच शिकवणीत आकार आधी आणि अर्थ मागाहून, बहुधा कधीच नाही, असा क्रम पडतो.

अर्थ 'डॉमिनंट' या शब्दात आहे. पाश्चात्त्य संगीतात सप्तकाच्या पाचव्या स्वराला, म्हणजे आपल्या पंचमाला, ही संज्ञा आहे. बिलावल थाटाच्या शुद्ध स्वरांत पंचमावर हा संघात उभारला तर त्यात प, नी, रे, म, ध हे स्वर येतात. सातांपैकी पाच स्वर आले; राहिले फक्त सा आणि ग. ज्या षड्ज-गंधारावर कानाला विसावा मिळायचा, नेमके तेच दोन स्वर हा संघात राखून ठेवतो. मग निषाद षड्जाकडे आणि मध्यम गंधाराकडे सरकला की ताण सुटतो. सरगम जाणणाऱ्या विद्यार्थ्याला हे एका बैठकीत समजावता येते. त्यासाठी परक्या परिभाषेचे ओझे लागत नाही.

अडचण परिभाषेची नसून कानाची आहे. आपल्या मैफलीत तंबोरा षड्ज अखंड धरून असतो. जो स्वर क्षणभरही थांबत नाही, त्याच्या अनुपस्थितीचा ताण कसा निर्माण होणार? हार्मनीला मूळस्वर बदलता हवा, तंबोऱ्याला तो अचल हवा. या विरोधाची आणखी एक बाजू विलक्षण आहे. तारेच्या उपस्वरांचे चौथा, पाचवा, सहावा, सातवा व नववा हे क्रम एकत्र घेतले तर सा, ग, प, काहीसा उतरलेला कोमल नी आणि रे मिळतात, म्हणजे नाइन्थचाच नैसर्गिक नमुना. तो तंबोऱ्याच्या नादात सूक्ष्म रूपाने असतोच. गिटारच्या पडद्यांवरील समविभागी कोमल नी मात्र त्या सातव्या उपस्वराहून सुमारे ३१ सेंटने, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश अर्धस्वराने, चढा आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये आणि क्लेमंट्स यांनी १९१३ मध्ये श्रुतींविषयी केलेले लेखन, तसेच १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर घातलेली बंदी, यांमागे पट्टीच्या ठोकळेबाज स्वरांविषयीची नापसंती होती. त्या वादात सारे लक्ष एकेका स्वराच्या शुद्धतेवर केंद्रित झाले. स्वर एकत्र वाजल्यावर काय घडते, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

युरोपातही या संघाताचा मार्ग निर्वेध नव्हता. शोनबर्गची १८९९ मधील तंतुवाद्यांची एक रचना व्हिएन्नातील संगीतसंस्थेने नाकारली, कारण तीत नाइन्थचा पाठ्यपुस्तकात न बसणारा उलटा विन्यास होता. अमेरिकेतील जॅझ वादकांना असे पाठ्यपुस्तक आडवे आले नाही. तेथे तो नित्याचा झाला, आणि जॅझबरोबरच मुंबईत उतरला.

लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा जॅझ वाद्यवृंद १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्याकडून शिकणारे होते गोव्याचे वादक. पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्यामुळे लिहिलेले संगीत वाचणे या वादकांना अवघड नव्हते. नवे होते ते लयीचे वजन आणि स्वरसंघातांचा रंग. फ्रँक फर्नांड वेदरफर्ड यांच्या वृंदात वाजवत. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर व्हाझ ट्रंपेट वाजवत आणि पुढे सी. रामचंद्र यांना साहाय्य करीत. पुणतांब्यात १९१८ मध्ये जन्मलेले, शास्त्रीय गायनाची तालीम घेतलेले रामचंद्र आणि हॉटेलच्या रंगमंचावर घडलेले व्हाझ यांची ही जोडी. 'अलबेला' (१९५१) मधील नृत्यगीतांचा नवेपणा या भेटीशिवाय समजत नाही.

चित्रपटसंगीतातील कामाची वाटणी येथे लक्षात घ्यावी लागेल. संगीतकार पेटीवर चाल सांगे; तिच्याखाली कोणते स्वरसंघात येतील, कोणत्या वाद्याने काय वाजवावे, हे संयोजक कागदावर उतरवीत. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी हे काम केले. श्रेयनामावलीत अशा व्यक्तीला फार तर 'साहाय्यक' म्हटले जाई, पुष्कळदा तेवढेही नाही. चाल ही निर्मिती आणि हार्मनी ही सजावट, हा समज त्यातूनच दृढ झाला असावा. ग्रेगरी बूथ यांचा २००८ मधील आणि नरेश फर्नांडिस यांचा त्यानंतरचा ग्रंथ यांनी या वादकांचा इतिहास नोंदवला. दोन्ही इंग्रजीत आहेत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय व पाश्चात्त्य संगीताचा मेळ घालणारा वाद्यवृंद उभा केला. त्यांचे नाव मात्र घरोघरी पोहोचले ते १९७७ च्या एका चित्रपटगीतामुळे, शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला दिलेल्या त्या विनोदी मानवंदनेमुळे.

शिकवणीत आणखी एक गोंधळ होतो. ब्लूज संगीतात नाइन्थ सुटण्यासाठी नसतोच. टी-बोन वॉकर यांच्या १९४७ च्या ध्वनिमुद्रणात तो येतो आणि तसाच राहतो. जिमी नोलन यांनी १९६० च्या दशकात जेम्स ब्राउन यांच्या वृंदात त्याचे तुटक, जवळजवळ तालवाद्यासारखे ठोके केले. ब्लूजमध्ये षड्ज, मध्यम आणि पंचम या तिन्ही स्थानांवर हाच आकार हलतो. षड्जावर शुद्ध गंधार आणि मध्यमावर कोमल गंधार ऐकू येतो. दोन्ही गंधार घेणाऱ्या जोग रागाची आठवण होईल, पण साम्य तेवढ्यापुरतेच आहे. म्हणून विद्यार्थ्याला प्रथम पंचमावरचा, सुटणारा नाइन्थ द्यावा आणि षड्जावर येताना निषाद-मध्यमाची वाटचाल गाऊन घ्यावी. तंबोरा त्या वेळी बंद ठेवावा. ब्लूजचा न सुटणारा नाइन्थ त्यानंतर.