प्रोटीन हव्या त्याच जागी कसं कापतात? जीवाणूंच्या एन्झाइम्सची सोप्या भाषेत माहिती

क्रिस्परबद्दल तुम्ही नक्की ऐकलं असेल. ती डीएनए कापणारी कात्री. आजचा विषय तिच्या चुलत भावंडांचा आहे: प्रोटीन कापणारी एन्झाइम्स, म्हणजे प्रोटिएज. यांची चर्चा कमी होते, पण ती तुमच्या घरात आधीच आहेत. कपडे धुण्याच्या पावडरमध्ये, पिझ्झावरच्या चीजमध्ये, कदाचित औषधांच्या डब्यातही. ती काम कशी करतात, त्यांना 'एडिट' कसं करतात आणि त्यांच्या नावाने केलेले कोणते दावे तपासून घ्यावेत, ते एकेक करून बघूया.

आधी बेसिक

प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडची माळ. मणी २० प्रकारचे. कोणता मणी कितव्या नंबरवर आहे, त्यावरून माळेची घडी ठरते आणि घडीवरून तिचं काम ठरतं. दोन मण्यांमधल्या दुव्याला पेप्टाइड बंध म्हणतात. प्रोटिएज हा बंध पाण्याच्या रेणूच्या मदतीने तोडतो आणि स्वतः तसाच राहतो, पुढचा बंध तोडायला मोकळा. म्हणून थोडंसं एन्झाइमही भरपूर काम करतं.

कात्रीला जागा कशी कळते?

प्रोटिएजच्या अंगावर एक खाच असते. माळेचा जो तुकडा त्या खाचेत नीट बसतो, तिथेच काप पडतो. कोड लिहिणाऱ्यांसाठी सांगायचं तर हे 'फाइंड' कमांडसारखं आहे. फरक इतकाच की काही एन्झाइम्सचा सर्च अगदी ढिला असतो, तर काहींचा एकदम कडक.

- ढिला सर्च: बॅसिलस जीवाणूचं सबटिलिसिन. समोर येईल ते प्रोटीन ते बऱ्याच ठिकाणी तोडतं.
- मध्यम सर्च: आपल्या पोटातलं ट्रिप्सिन. लायसिन किंवा आर्जिनिन या मण्यांनंतरच कापतं. जीवाणूंकडून बनवलेल्या प्रोइन्सुलिनपासून इन्सुलिन तयार करताना हाच नियम कामी येतो.
- कडक सर्च: चीज बनवताना वापरलं जाणारं कायमोसिन. दुधातल्या कप्पा-केसिन या १६९ मण्यांच्या माळेत ते मुख्यतः एकच दुवा तोडतं, १०५ आणि १०६ नंबरच्या मधला. तेवढ्यानेच दूध घट्ट होतं.

कायमोसिन मुळात वासराच्या पोटातून काढत. मग त्याचं जनुक ई. कोलाय जीवाणूत टाकून ते बनवायला सुरुवात झाली आणि १९९० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला मान्यता दिली. त्यामुळे चीजसाठी वासराच्या पोटावर अवलंबून राहायची गरज उरली नाही. चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका दिसतो, त्यामागे एन्झाइमचा हा प्रश्न असतो.

मग जीवाणूच का?

सोपं आहे. जीवाणू झपाट्याने वाढतात, मोठ्या टाकीत वाढवता येतात आणि अनेक जातींचे जीवाणू एन्झाइम शरीराबाहेर सोडतात, त्यामुळे ते वेगळं करणं सोपं जातं. जनुक बदलायचं असेल तर तेही जीवाणूत तुलनेने सहज जमतं. या विषयावरचा जगभर वाचला जाणारा एक मोठा आढावा आपल्या पुण्यातून आला आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या माला राव, अपर्णा टांकसाळे, मोहिनी घाटगे आणि वासंती देशपांडे यांनी तो १९९८ मध्ये लिहिला. जगात विकल्या जाणाऱ्या एन्झाइम्सपैकी सुमारे ६० टक्के वाटा प्रोटिएजचा आहे, अशी नोंद त्यात होती.

कात्री 'एडिट' करायच्या दोन पद्धती

१. विचार करून बदल. एन्झाइमची रचना बघायची, कोणता मणी त्रास देतोय ते शोधायचं आणि तेवढाच बदलायचा. सबटिलिसिनमध्ये २२२ व्या जागी मेथिओनिन असतं. ब्लीचमुळे ते खराब होतं आणि एन्झाइम बसतं. १९८५ मध्ये संशोधकांनी ती एकच जागा बदलून ब्लीचला टिकणारं सबटिलिसिन तयार केलं. डिटर्जंटवाल्यांना हेच हवं होतं.

२. चाचणी आणि निवड. इथे उत्तर माहीत नसतं. जनुकात रँडम बदल करून हजारो नमुने बनवायचे, चांगले निवडायचे, त्यांच्यात पुन्हा बदल करायचे. फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी १९९३ मध्ये याच पद्धतीने असं सबटिलिसिन मिळवलं, जे ६० टक्के डायमिथाइलफॉर्मामाइड असलेल्या द्रावणात मूळ एन्झाइमपेक्षा २५६ पट चांगलं काम करत होतं. या पद्धतीसाठी त्यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

सगळ्यात भारी आयडिया: ओटीपीसारखी कात्री

ढिल्या सर्चच्या सबटिलिसिनला कडक कसं करायचं? १९८७ मध्ये पॉल कार्टर आणि जेम्स वेल्स यांनी एक युक्ती केली.

सबटिलिसिनचा काप तीन मण्यांच्या जोरावर चालतो: ३२ नंबरचं ॲस्पार्टिक ॲसिड, ६४ नंबरचं हिस्टिडिन आणि २२१ नंबरचं सेरिन. त्यांनी यातलं हिस्टिडिनच काढून टाकलं. कात्री जवळपास बंद पडली, वेग लाखो पटींनी घसरला. पण समोर येणाऱ्या माळेत नेमक्या जागी स्वतःचं हिस्टिडिन असेल, तर ते त्या रिकाम्या जागेचं काम करतं आणि काप पडतो.

बँकेच्या ॲपमध्ये पासवर्ड एकीकडे आणि ओटीपी दुसरीकडे असतो ना, तसंच. अर्धी किल्ली एन्झाइमकडे, अर्धी टार्गेटकडे. दोन्ही जुळल्याशिवाय व्यवहार नाही. पुढे आणखी काही मणी बदलून 'जेनेनेज-१' हे एन्झाइम तयार झालं. ते प्रोलिन-ग्लायसिन-अलानिन-अलानिन-हिस्टिडिन-टायरोसिन असा क्रम ओळखतं आणि टायरोसिननंतर कापतं.

याचा उपयोग काय? लॅबमध्ये एखादं प्रोटीन गाळून वेगळं करायला त्याला एक 'टॅग' जोडतात. काम झालं की टॅग काढावा लागतो, पण मूळ प्रोटीनला धक्का न लावता. मग टॅग आणि प्रोटीनच्या मध्ये हा क्रम आधीच लिहून ठेवायचा आणि शेवटी कात्री चालवायची.

औषधांमध्ये काय चाललंय?

- किडनी ट्रान्सप्लांट: काही पेशंटच्या रक्तात अशा अँटिबॉडी असतात की दात्याची किडनी शरीर लगेच नाकारेल. स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनीस या जीवाणूचं एक एन्झाइम आयजीजी अँटिबॉडीला बिजागरीपाशी कापतं. त्यावरून बनलेल्या इम्लिफिडेज या औषधाला युरोपात २०२० मध्ये सशर्त मान्यता मिळाली. काही तासांत अँटिबॉडी निकामी होतात. मात्र त्या काही दिवस-आठवड्यांत परत तयार होतात, म्हणून ही फक्त ऑपरेशनपुरती मोकळी खिडकी आहे. गंमत म्हणजे क्रिस्परचं प्रसिद्ध कॅस-९ सुद्धा याच जीवाणूतून आलंय.
- बोटॉक्स: बोट्युलिनम विष मुळात प्रोटिएजच आहे. मज्जापेशींमधलं एक प्रोटीन ते कापतं, म्हणून स्नायू सैल पडतात. २०२१ मध्ये डेव्हिड लिऊ आणि सहकाऱ्यांनी याच कुटुंबातल्या प्रोटिएजना नवी टार्गेट्स शिकवली. नवं टार्गेट कापणारे ठेवायचे आणि जुनं कापणारे बाद करायचे, अशी दुहेरी चाळणी त्यांनी लावली. हे अजून संशोधन आहे, दुकानात मिळणारं औषध नाही.

ठाण्याचं कनेक्शन

घोडबंदर रोड किंवा डोंबिवलीच्या अनेकांना माहीत नसेल, पण भारतातल्या मोठ्या एन्झाइम कंपन्यांपैकी एक, ॲडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज, हिचं मुख्य कार्यालय ठाण्यात लुईसवाडीला आहे. कारखाने नाशिक जिल्ह्यात आणि इतरत्र आहेत. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. अन्नप्रक्रिया आणि औषध उद्योगाला ती एन्झाइम्स पुरवते. म्हणजे एन्झाइम हे फक्त बोस्टन किंवा कोपनहेगनचं काम नाही. बायोटेक शिकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

सेराटिओपेप्टिडेज: हे नीट वाचा

दाढ काढल्यावर किंवा पाय मुरगळल्यावर मिळणाऱ्या गोळ्यांच्या पट्टीवर हे नाव अनेकदा दिसतं. हेही जीवाणूचं प्रोटिएज आहे. जपानमध्ये रेशीमकिड्याच्या आतड्यातल्या सेराशिया जीवाणूत ते सापडलं. सूज कमी करतं म्हणून ते दिलं जातं.

पण पुरावा कमकुवत आहे. जपानमध्ये ते 'डॅन्झेन' नावाने विकणाऱ्या टाकेडा कंपनीने खोट्या गोळीशी तुलना करून चाचण्या घेतल्या. फरक सिद्ध झाला नाही आणि २०११ मध्ये कंपनीने स्वतःहून औषध बाजारातून काढून घेतलं. भारतात ते अजून मिळतं. म्हणून काय करायचं?

- डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करू नका. 'ही कशासाठी आहे, गरज आहे का?' असं त्यांनाच विचारा.
- मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेऊ नका. पट्टीत सोबत वेदनाशामकही असू शकतं.
- 'शरीरातली खराब प्रोटीन्स शोधून कापतं' अशी रील दिसली तर आठवा: हे ढिल्या सर्चचं एन्झाइम आहे, निवडक जागा शोधणारं नाही.

घरात उपयोगी पडेल असं

- घाम, रक्त, अंडं, दूध यांच्या डागांत प्रोटीन असतं. एन्झाइमवाल्या पावडरमध्ये कपडे थोडा वेळ भिजवून ठेवा, कात्रीला वेळ लागतो.
- उकळतं पाणी ओतू नका. एन्झाइम स्वतः प्रोटीन आहे, त्याची घडी मोडते. कोमट पाणी पुरे.
- पैठणी, रेशमी सोवळं, लोकरीचे स्वेटर यात घालू नका. रेशीम आणि लोकर ही प्रोटीनच आहेत, कात्री त्यांच्यावरही चालते. सुती कपड्याला तो धोका नाही, कारण कापूस म्हणजे सेल्युलोज.

धोका कुणाला?

१९६० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये डिटर्जंट कारखान्यातल्या कामगारांना दम्याचा त्रास सुरू झाला. १९६९ मध्ये कारण समोर आलं: हवेत उडणारी एन्झाइमची भुकटी श्वासातून आत जात होती. त्यानंतर एन्झाइमवर लेप देऊन दाणे बनवायला सुरुवात झाली. पावडरमध्ये दिसणारे रंगीत दाणे बऱ्याचदा तेच असतात. आपल्या पट्ट्यात एमआयडीसीत काम करणारे खूप जण आहेत. सुकी एन्झाइम पावडर हाताळत असाल तर मास्क, हवा खेचणारा पंखा आणि श्वासाची नियमित तपासणी मागणं हा फालतू हट्ट नाही.

नेहमीचे प्रश्न

क्रिस्परसारखं प्रोटीनसाठी का नाही? डीएनएमध्ये अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या असतात, त्यामुळे गाइड आरएनए बदलला की टार्गेट बदलतं. प्रोटीनमध्ये असा जोडीचा नियम नाही. शिवाय माळ घडी घालून बसलेली असते, हवी ती जागा आत दडलेली असू शकते. म्हणून प्रत्येक टार्गेटसाठी कात्री जवळपास नव्याने घडवावी लागते.

एन्झाइम म्हणजे जिवंत जीवाणू का? नाही. ते जीवाणूने बनवलेलं प्रोटीन आहे. वेगळं करून शुद्ध केलेलं असतं आणि स्वतः वाढत नाही.

थोडक्यात: कोणत्याही एन्झाइमबद्दल वाचताना दोन प्रश्न विचारा. ते नेमकं कुठे कापतं? आणि ते तिथपर्यंत पोचतं हे कुणी तपासलंय का? दोन्हींची उत्तरं मिळाली, तर दावा विज्ञानाचा की जाहिरातीचा हे तुमचं तुम्हालाच कळेल.