रविवारचा ख्रिस्त आणि सोमवारची जात

योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. चालून थकलेला येशू विहिरीवर बसतो आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. बाई चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांना हलके समजत आणि त्यांच्याशी व्यवहार टाळत. चवदार तळ्याशी नाते सांगणाऱ्या आम्हा लोकांना या प्रसंगाचा अर्थ कोणी समजावून द्यायला नको. पाणी कोणाच्या हातचे प्यायचे, यावरच या देशात माणसाची किंमत ठरत आली.

म्हणून आमचा प्रश्न साधा आहे. त्या बाईकडे पाणी मागणाऱ्याला जे गुरू मानतात, ते आठवड्याचे उरलेले सहा दिवस कसे वागतात?

आधी श्रेय देऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशनरी वऱ्हाडात आले. अकोल्यात काम करणाऱ्या जेनी फुलर यांनी हिंदू स्त्रीच्या दुःखावर लिहिलेले इंग्रजी पुस्तक 1900 साली निघाले. दुष्काळात मिशनने पोरक्या मुलांना आसरा दिला. अचलपूरजवळ कोठारा येथे महारोग्यांसाठी दवाखाना उभा राहिला. ज्यांना घरच्यांनी गावाबाहेर काढले, त्यांच्या जखमा परक्या माणसांनी धुतल्या. महात्मा फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, हेही आम्ही विसरत नाही. ख्रिस्ताची शिकवण रोजच्या जगण्यात उतरते तेव्हा ती अशी दिसते. हे नाकारणे म्हणजे कृतघ्नपणा ठरेल.

पण दवाखाना वेगळा आणि गाव वेगळे. जखम धुणे ही दया झाली. जखम करणाऱ्याचा हात धरणे हा न्याय. 1927 साली अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशाची चळवळ सुरू होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. आमच्या आजे-पणज्यांनी तिथे भीक मागितली नाही, हक्क मागितला.

13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाल्यावर ख्रिस्ती धर्माचा पर्यायही बाबासाहेबांसमोर होता. जानेवारी 1938 मध्ये सोलापुरात ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना, बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयी आपल्याला ओढ वाटते, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते, हेही सुनावले. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनात ही चिकित्सा आणखी कठोर आहे. धर्म बदलला तरी अस्पृश्याची सामाजिक स्थिती फारशी बदलली नाही. मिशनने शाळा आणि दवाखाने काढले, पण अन्यायाविरुद्ध लढणे हे आपले कर्तव्य मानले नाही. हिंदू असताना माणूस आपल्या हालाचे खापर पूर्वजन्माच्या कर्मावर फोडायचा. ख्रिस्ती झाल्यावर तो ते आदिपापावर फोडू लागला. मग व्यवस्थेशी भांडणार कोण?

बाबासाहेबांचा आक्षेप ख्रिस्तावर नव्हता, तो ख्रिस्त्यांच्या सोमवारवर होता.

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. मग 2016 साली भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेला दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये भेदभाव आहे, हे का कबूल करावे लागले? काही ठिकाणी दलितांची स्मशानभूमीही वेगळी राहिली. प्रभूभोजनाची भाकर एक आणि मातीत जायची जागा दोन, हे कोणत्या शुभवर्तमानात बसते?

आणि शासन काय करते? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये आम्ही बौद्ध आलो. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहे. चर्चमध्ये त्याला जात चिकटलेली आणि तहसील कार्यालयात तो जातमुक्त! मग कुटुंब कागदावर हिंदू राहते आणि मनातला ख्रिस्त घरात लपवते. रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 मध्ये धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली होती. ती मान्य व्हावी, असे आमचे मत आहे. आमच्या वाट्याला कमी येईल या भीतीने याला विरोध करणे हे बाबासाहेबांच्या अनुयायाला शोभत नाही. एकूण वाटा वाढवून मागा, भावाला दाराबाहेर ठेवू नका.

आता आरसा आपल्याकडे वळवू. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा दिल्या त्या कशासाठी? धम्म रोजच्या जगण्यात दिसावा म्हणून. आज अमरावती-अकोल्याच्या आपल्या वस्त्यांत विहारात पंचशील म्हणतो आणि सोयरीक जुळवताना पोटजात विचारतो. मातंग भावाच्या घरी किती जण पंगतीला बसतो? मुलीच्या लग्नात हुंडा देतो, घेतो आणि वरून मंगल परिणय म्हणतो. मग ख्रिस्त्यांच्या रविवारवर बोट ठेवायचा अधिकार आपल्याला कितीसा उरतो?

ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्याने विहिरीवरची ती बाई आठवावी. बुद्धाचे नाव घेणाऱ्याने सुनीत भंगी आठवावा, ज्याला तथागतांनी संघात घेतले. दोघांची कसोटी एकच आहे: शेजाऱ्याच्या हातचे पाणी आणि शेजाऱ्याच्या घरची सोयरीक. त्या कसोटीला आम्ही उतरतो का, हे आधी आम्हीच सांगायला हवे.

जय भीम!