डोंबिवली, देवळाली आणि ६१७४

गेल्या आठवड्यात आमच्या पनवेलच्या घरी भाची स्कॉलरशिपचा सराव पेपर घेऊन बसली होती. १, २, ४... पुढची संख्या कोणती? तिने ७ लिहिलं. पेपरात उत्तर ८. खरं तर दोन्ही बरोबर! दुप्पट करत गेलं तर ८ आणि फरक एकेकाने वाढवला तर ७. तिचा मार्क गेला, आणि मला आठवले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

जन्म १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पण पुढची पदवी नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. फळ्यावर अभ्यासक्रमातलं गणित आणि डोक्यात कायम आकड्यांचे खेळ.

त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध खेळ कागद-पेन्सिल घेऊन करून बघाच. चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. मी त्यांचं जन्मसालच घेतलं:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२

पुढे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. त्यानंतर कितीही वेळा करा, ६१७४ च! कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्या. १९०५ ला नेमक्या सात लागल्या.

यात जादू नाही. पहिल्या वजाबाकीचं उत्तर दोनच गोष्टींवर ठरतं: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. त्यामुळे हजारो संख्या पहिल्याच फटक्यात फक्त ५४ उत्तरांत गोळा होतात. त्या ५४ च्या वाटा शेवटी एकाच जागी जातात. पण आधी कुणाला तरी हे करून बघावंसं वाटायला हवं ना!

कापरेकरांनी आपल्या संख्यांना नावं दिली तीही इथलीच. १११ चा वर्ग १२३२१. असल्या आकड्यांशी नातं सांगणाऱ्या 'डेम्लो' संख्या, म्हणजे आपली डोंबिवली! पनवेलहून दिव्याला जाऊन गाडी बदलली की लगेच. दुसऱ्या एका जातीला देवळालीचं नाव. आणि अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या त्या 'हर्षद', आनंद देणाऱ्या. (आपला पिन कोड ४१०२०६ हर्षद नाही. मी तपासलं.)

६१७४ ची गोष्ट त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत मांडली. जगभरच्या वाचकांना ते माहीत झाले ते मार्टिन गार्डनरने १९७५ मध्ये अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते, निवृत्तीला तेरा वर्षं झाली होती. १९८६ मध्ये ते गेले.

मला त्यांच्या कौतुकाला लागलेल्या उशिरापेक्षा दुसरंच जास्त वाटतं. त्या सगळ्या वर्षांत 'पुढची संख्या कोणती' असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. प्रश्न त्यांचा, खेळ त्यांचा, आणि चूक-बरोबर ठरवायला समोर फक्त वजाबाकी. आपण मुलांना उत्तरं ओळखायला शिकवतो. असा प्रश्न स्वतः काढायला कितीदा बसवतो?

असो. तुमचं जन्मसाल किती पायऱ्यांत पोचतं, ते जरूर कळवा.