हेलिकॉप्टरमधला तिसरा माणूस

मेघना नदी ओलांडायची कशी, हे पाहायला लेफ्टनंट जनरल सगतसिंग डिसेंबर १९७१च्या बांगलादेश युद्धात स्वतःच हेलिकॉप्टरमधून निघाले. आशुगंजजवळ खालून मशिनगन सुरू झाली. वैमानिक जबर जखमी झाला, जनरलसाहेबांच्या कपाळाला गोळी चाटून गेली. सहवैमानिकाने हेलिकॉप्टर ताब्यात घेतलं आणि आगरतळ्याला उतरवलं. त्यावर ६४ गोळ्यांची भोकं मोजली गेली. सगतसिंगांच्या धडाडीची साक्ष म्हणून हा प्रसंग हमखास सांगितला जातो. ज्याने त्यांना जिवंत परत आणलं त्याचं नाव मात्र शोधावं लागतं.

आशुगंजचा रेल्वेपूल पाकिस्तानी फौजेने उडवला होता. म्हणून ९ डिसेंबरपासून मी-४ हेलिकॉप्टरांनी ४ गार्ड्सचे जवान ब्राह्मणबाडियाहून पलीकडे रायपुऱ्याला नेले, रात्रीच्या अंधारातही. या कामगिरीचे सूत्रधार ग्रुप कॅप्टन चंदनसिंग. त्यांना महावीर चक्र मिळालं. मी-४ची रचनाच अशी, की इंजिन नाकात, वैमानिक जणू माडीवर आणि माणसं खालच्या पोटात. तळाशी काय चाललंय, ते वरच्याला दिसत नाही. खालचा साथीदार सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा.

सियाचिनमध्ये हा विश्वास यंत्राबाहेर बर्फावर उतरला. १३ एप्रिल १९८४ रोजी कॅप्टन संजय कुलकर्णी यांची ४ कुमाऊंची तुकडी चीता हेलिकॉप्टरांनी बिलाफोंड ला खिंडीत उतरवली. १७ फेऱ्या झाल्या. चीत्यात इतक्या उंचीवर माणसं मावणार ती मोजकीच. विरळ हवेत वजनाचा हिशेब किलोकिलोने करावा लागतो. पुढे हिमवादळ सुटलं. उतरवणारे परत आल्याशिवाय खिंडीतल्यांची सुटका नव्हती, आणि हवा उघडल्याशिवाय त्यांना येताही येत नव्हतं.

कारगिलचा हिशेब आणखी कडू. २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगवर रॉकेटहल्ला करून वळणारं एक मी-१७ स्टिंगर क्षेपणास्त्राने पाडलं. क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर त्याच हेलिकॉप्टरवर नव्हते. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर आणि फ्लाइट लेफ्टनंट मुहिलन हे वैमानिक, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद हे गनर आणि सार्जंट आर. के. साहू हे फ्लाइट इंजिनिअर. चौघेही गेले. मी-१७मध्ये फ्लाइट इंजिनिअरची बैठक दोन वैमानिकांच्या मधोमध, जरा मागे. काटे आणि दिवे वाचणं त्याचं काम. हुद्द्याची उतरंड जमिनीवर काहीही असो, तेलाचा दाब पडलाय असं सार्जंट म्हणाला, की स्क्वाड्रन लीडरला ते ऐकावंच लागतं. या घटनेनंतर मी-१७ची हल्ल्याची उड्डाणं थांबवली गेली.

हेलिकॉप्टरांशी नाशिकचंही नातं आहे. नाशिकजवळच्या देवळालीला तोफखान्याचं शिक्षण केंद्र आहे. आकाशातून गोळ्यांचा नेम सांगणारे लष्करी वैमानिक मुळात तोफखान्याचेच. १ नोव्हेंबर १९८६ रोजी त्यांची लष्करातच स्वतंत्र हवाई शाखा झाली आणि आज त्यांचं प्रशिक्षण नाशिक रोडच्या गांधीनगरला चालतं. तेव्हा नाशिकच्या पोराने हेलिकॉप्टर चालवावं, यात नवल नाही. पण नाशिकचेच स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे लष्करात नव्हे, हवाई दलात होते.

बालाकोटवरच्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारी २०१९ला, ते मी-१७मधून श्रीनगरहून निघाले. थोड्याच वेळात बडगाममध्ये हेलिकॉप्टर कोसळलं. नाशिकला निनाद यांचं नाव ठळक झालं, ते साहजिकच. त्याच यंत्रात चंडीगडचे स्क्वाड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ, वाराणसीचे सार्जंट विशालकुमार पांडे, झज्जरचे सार्जंट विक्रांत सेहरावत, कानपूरचे कॉर्पोरल दीपक पांडे आणि मथुरेचे कॉर्पोरल पंकजकुमारही होते. सहा घरं, सहा गावं. जमिनीवरचा एक स्थानिक तरुणही दगावला. हेलिकॉप्टर शत्रूने पाडलं नव्हतं; आपल्याच क्षेपणास्त्राने ते पडलं, ही मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे मान्य केलं.