७. बिनदांडीची गाडी

७. बिनदांडीची गाडी : स्त्रियांसाठीची सायकल. कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ (१८८५) साखळीवर चालणारी आणि बुटकी होती खरी, पण पायघोळ झग्यात तिच्या वरच्या दांडीपलीकडे पाय टाकणे अवघडच. म्हणून ही दांडी खाली वाकवून जोडलेल्या गाड्या १८८९च्या सुमारास निघाल्या; स्टार्ली बंधूंची ‘सायको’ आणि डॅन अल्बोन यांची ‘आयव्हेल’ या त्यांतल्या ठळक. झगा आऱ्यांत अडकू नये म्हणून मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दोऱ्यांची जाळी ओवत, साखळीवर झाकण बसवत. वरची दांडी गेली की सांगाडा लेचापेचा होतो. तो सावरायला जाडजूड नळ्या घालाव्या लागत आणि गाडी पुरुषांच्या गाडीहून जड होई. (कपड्यांची शिक्षा पायांना!) त्याआधी, १८७४मध्ये, जॉन यांचे काका जेम्स स्टार्ली यांनी उंच चाकाच्या गाडीवर दोन्ही पाय एकाच अंगाला ठेवून बसायची सोय करून पाहिली होती, ती चालली नाही.